सोबत कोण आहे?

आमच्या इमारतीला तीन लिफ्ट आहेत. दोन रहिवाशांसाठी, आणि तिसरी सामानासाठी, जिला सगळे सर्व्हिस लिफ्ट म्हणतात. तिला आरसा नाही, पंखा असून नसल्यासारखा आहे आणि फर्निचरची ने-आण करताना तिच्या भिंतींचा पत्रा जागोजागी चेपला आहे. गेल्या ऑक्टोबरात, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या सुमारास, पहिल्या दोन लिफ्टमध्ये आरशाशेजारी एक निळे स्टिकर लागले. मनावर ओझे असेल तर बोला, अशा अर्थाचा मजकूर आणि खाली ठळक आकड्यांत ‘टेलीमानस’ या सरकारी समुपदेशन सेवेचा १४४१६ हा क्रमांक. तिसऱ्या लिफ्टमध्ये ते लागले नाही. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. लावणाऱ्याने ती लिफ्ट बहुधा धरलीच नसावी. पण मला ते खटकले आणि खटकतच राहिले, कारण त्या तिसऱ्या लिफ्टमधून कोण वर-खाली करते ते मी रोज पाहते. पोळ्या करणाऱ्या मावशी, धुणीभांडीवाल्या, इस्त्रीवाला भय्या, पाण्याचे जार आणणारी मुले, सफाईचे कामगार आणि सुरक्षारक्षक. कोणी हिंगोलीचे, कोणी जालन्याचे, कोणी बहराइचचे, एखादा नेपाळचा. घरापासून सर्वांत लांब राहणारी माणसे नेमकी त्याच लिफ्टमध्ये असतात.

तसे पाहिले तर ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर मूळचा कोण आहे, हा प्रश्नच आहे. आगरी, कोळी आणि येऊरच्या पाड्यांवरचे आदिवासी सोडले तर बाकी आम्ही सारे कुठून ना कुठून आलेलो. माझे वडील आणि त्यांच्या पाठचे काका पाटण तालुक्यातून आले ते वागळे इस्टेटीतल्या कारखान्यांच्या भरवशावर. वडिलांनी लग्नानंतर वेगळे बिऱ्हाड केले. काका मात्र किसननगरात गावकऱ्यांच्या खोलीवर राहिले. गावच्या नावाची, वर्गणीवर चालणारी ती खोली मला अजून वासासकट आठवते. रॉकेलचा स्टोव्ह, दांडीवर न वाळलेले टॉवेल, कोपऱ्यात उभ्या केलेल्या वळकट्या आणि माळ्यावर एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नाव आणि ‘मु. पो.’. पहिल्या पाळीचे निघाले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागेवर आडवे होत. एकादशीला भजन असे आणि वर्गणीच्या वहीत पैशापैशाचा हिशेब असे. त्या वहीत न मांडलेला हिशेबही एक होता, तो म्हणजे कोण जेवले नाही, कोण रात्री उशिरा आला, कोणाचे पत्र बरेच दिवसांत आले नाही, हे तिथे सर्वांना ठाऊक असे.

काका बिघडले ते तिथे. रात्री उठून ते कडी पुन्हा पुन्हा तपासू लागले, कारखान्यातला मुकादम आपल्या मागावर आहे असे म्हणू लागले. खोलीतल्या माणसांनी ते कारखान्यात कळू दिले नाही. आळीपाळीने ते त्यांना कामावर पोहोचवत, डबा उघडून समोर बसत. मग एके रात्री बैठक झाली आणि त्यांना गावी न्यायचे ठरले. गावी देवऋषी झाला, अंगारे-धुपारे झाले, एका कोंबड्याचा जीव गेला. शेवटी रजा संपत आली म्हणून परत आणल्यावर कामगार विम्याच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि वडील त्यांना ठाण्याच्या मनोरुग्णालयात घेऊन गेले. हे रुग्णालय १९०१ पासून इथे आहे आणि त्याच्यामुळे आमच्या शहराचे नाव उभ्या महाराष्ट्रात थट्टेने घेतले जाते. आता त्याच्या काही जागेवर ठाणे आणि मुलुंडच्या मधले नवे रेल्वे स्थानक व्हायचे आहे. गोळ्या सुरू झाल्या आणि काका सावरले. पुढे कित्येक वर्षे त्यांनी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गावी जाऊन आंब्याची कलमे लावली. मात्र ठरत आलेले त्यांचे लग्न मोडले ते कायमचे, कारण ते एस.टी.तून उतरण्याआधीच बातमी गावात उतरली होती.

त्या खोलीने त्यांना वाचवले आणि त्याच खोलीने त्यांचे नाव घालवले. या दोहोंतले कोणते अधिक खरे, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

आमच्या गेटवर रात्रपाळीला असणारा मुलगा हिंगोली जिल्ह्यातला. रात्री आठ ते सकाळी आठ अशी त्याची ड्युटी, आणि बदली माणूस आला नाही तर सलग डबल. मानपाड्याच्या एका खोलीत एजन्सीची मुले राहतात आणि दिवसपाळीवाला उठला की त्याच्याच गादीवर हा पडतो. किसननगरच्या खोलीशी साम्य आहे ते एवढेच. त्या मुलांचे गाव एक नाही, भाषाही एक नाही आणि एजन्सी कोणाला कधी दुसऱ्या साइटवर हलवील याचा नेम नाही, त्यामुळे कोण जेवले नाही हे लक्षात ठेवण्याएवढा सहवास कोणाचा कोणाशी घडत नाही. पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली की रात्रीचा वॉचमन इंटरकॉम उचलत नाही, झोपलेला असतो. प्रत्यक्षात तो झोपतच नव्हता. रात्री नाही आणि दिवसाही नाही. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, डोके बधिर. दोन पगार या दुखण्यापायीच गेले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात त्याने ताकदीची सलाईन लावून घेतली, सुया टोचून घेतल्या, कोणी सांगितले म्हणून हृदयाचा आलेखही काढला. तो नॉर्मल आला. ‘काही झालेले नाही’ असे सांगून त्याला परत पाठवले गेले तेव्हा, पोळ्यांच्या मावशी म्हणतात, तो जास्तच खचला.

मनाचे दुखणे घेऊन आमच्याकडे फार थोडी माणसे दवाखान्याची पायरी चढतात. ती येतात ती पित्त, पाठ, अशक्तपणा आणि झोप घेऊन. यात अडाणीपणा आहे असे मला वाटत नाही, कारण हातावर पोट असलेल्या माणसाला काम थांबवणारे दुखणे तेवढे दुखणे वाटते, आणि काम शरीराने थांबते. बंगळूरच्या निम्हान्सने, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, २०१५-१६ साली १२ राज्यांत जे राष्ट्रीय सर्वेक्षण केले, त्यात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत असे दिसले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण इथे येणाऱ्यांचे उत्तर प्रदेश आणि झारखंड होते. त्याहून जड आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा आहे. २०२२ साली देशात नोंदल्या गेलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या होत्या. या माणसांपर्यंत पोहोचायचे तर सभागृहातल्या व्याख्यानाआधी कोपऱ्यावरच्या त्या सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. झोप का लागत नाही, घरी पैसे किती पाठवतोस, कर्ज कोणाचे आहे, एवढे तीन प्रश्न विचारायला त्यांना शिकवता आले तरी पुष्कळ होईल.

तो मुलगा आजारी आहे हे आमच्या इमारतीत सर्वांत आधी ओळखले ते पोळ्यांच्या मावशींनी. त्या त्याच तालुक्यातल्या. सकाळी येताना त्या त्याला कधी भाकरी-ठेचा द्यायच्या आणि तो गावाकडच्या पावसाची, सोयाबीनच्या भावाची खबर द्यायचा. ‘लेकरू खाईना, बोलंना झालंय, ताई. माय फोन करती तर उचलंना,’ असे त्यांनी मला एकदा कणीक मळता मळता सांगितले आणि त्यानंतर मला न विचारताच एके दिवशी सुट्टी घेऊन त्या त्याला एका सरकारी रुग्णालयात घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी तिथली हकीकत सांगताना त्यांचे दोन्ही हात पिठात होते आणि कपाळावर आलेले केस त्या मनगटाने मागे सारत होत्या. केसपेपरच्या खिडकीवर विचारले गेले, सोबत कोण आहे? मावशी पुढे झाल्या. तुम्ही कोण? आत्या. सख्खी? ‘सख्खीच म्हणलं,’ त्या हसून सांगू लागल्या, ‘तितं काय पुरावा मागत्यात व्हय? खोटं बोलले म्हणून देव काय मला मारणारे?’ पुढे बाकावर तास-दोन तास गेले. आतले डॉक्टर तरुण आणि शांत होते. त्यांनी मावशींना बाहेर बसवले, मुलाशी एकट्याशी बोलले आणि घरी कोण कोण आहे एवढे विचारल्यावर तो रडायला लागला. बापाने विहिरीसाठी उचललेले कर्ज, बहिणीचे लग्न, दर महिन्याला पाठवायची रक्कम, आणि फोनवर रोज सांगायचे ते ‘मजेत आहे’. गोळ्या मिळाल्या, पंधरा दिवसांनी यायला सांगितले.

पुढच्या वेळी मीही बरोबर गेले. सकाळी आठला ड्युटी सुटली की घरी न जाता थेट रुग्णालय, रांग, केसपेपर, बाक, डॉक्टर, पुन्हा औषधांची रांग, आणि दुपारी खोलीवर पोहोचेपर्यंत गादीवर दुसरा कोणीतरी झोपलेला. दिवसपाळीवाल्याला तर पूर्ण खाडाच करावा लागतो आणि रोजंदारीवाल्याला खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. ज्या गोळीचा मुख्य उपयोग झोप सुधारण्याचा, ती आणण्यासाठी झोप मोडायची, हे त्या बाकावर बसून पाहिल्याशिवाय माझ्या लक्षात आले नसते. वस्त्यांमधले ‘आपला दवाखाना’ संध्याकाळनंतरही उघडे असतात ते याच विचाराने. मनाच्या आजाराचा डॉक्टर तिथे आठवड्यातून एखादी संध्याकाळ बसला तर काय बिघडेल? खर्च आहे, माणसे कमी आहेत, हे मला कळते. तरीही कामगारांच्या शहरात मनाच्या आजारांची तपासणी केवळ कामाच्या वेळेतच व्हावी, हे विचित्र आहे.

आणि तो खिडकीवरचा प्रश्न. विचारणाऱ्या बाईंचा स्वर रुक्ष नव्हता. कित्येकदा तो प्रश्न रुग्णाच्या भल्याचाच असतो, कारण गोळ्या कोण देणार, लक्ष कोण ठेवणार, हे माहीत हवे. पण गाव सोडून आलेल्या माणसाकडे जे नसते तेच त्यात आधी मागितले जाते. आपल्याकडच्या जनजागृतीचा सारा मजकूरही ‘जवळच्या माणसाशी बोला’, ‘कुटुंबाने साथ द्या’ असाच असतो. त्या मुलाचे जवळचे माणूस हिंगोलीला, आणि इथे जवळ आहे तो एजन्सीचा सुपरवायझर, ज्याला कळू नये म्हणून तर सगळा आटापिटा. याबाबतीत कायदा आपल्या भित्तिपत्रकांच्या पुढे गेलेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक प्रौढ व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या बाबतीत आपल्या बाजूने उभे राहणारे माणूस, स्वतः निवडण्याचा हक्क दिला आहे. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. साध्या कागदावर लिहून सही केली किंवा अंगठा उठवला आणि त्या माणसाने लेखी होकार दिला की पुरे. स्वतःहून दाखल होऊ इच्छिणाऱ्या प्रौढ माणसाला तर कोणा नातेवाइकाची संमतीही लागत नाही आणि हजेरीही लागत नाही. मावशींना आत्या होण्याची गरज नव्हती. हे त्यांना मी सांगितले तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘पण खिडकीवरल्या बाईला हे ठाऊक हाय का?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

२०२० च्या उन्हाळ्यात आमच्या या महामार्गांवरून माणसे कसाऱ्याच्या घाटाकडे चालत गेली. माजिवड्याच्या पुलाखाली आम्हीही बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होतो. ३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवारा केंद्रांमध्ये प्रशिक्षित समुपदेशक आणि सर्व धर्मांचे समाजप्रमुख यांनी जावे, आणि पोलिसांनी या माणसांची भीती समजून घ्यावी, असे सांगितले होते. स्थलांतरिताला पोटाखेरीज मनही असते, याची इतकी स्पष्ट नोंद मी त्याआधी वाचली नव्हती. पुढे तीच माणसे परतली, इमारतींची कामे सुरू झाली आणि तो विषय शिळा झाला. जी भीती त्या उन्हाळ्यात रस्त्यावर सर्वांना दिसली, ती एरवीही खोल्यांमधून असतेच, फक्त ती रस्त्यावर उतरत नाही म्हणून दिसत नाही.

ज्यांच्यासोबत शेवटपर्यंत कोणीच येत नाही, ती माणसे मग खरोखरच रस्त्यावर दिसतात. ठाणे स्थानकाच्या पुलावर वाढलेल्या जटा आणि अंगावर तीन-तीन शर्ट घातलेला एखादा मनुष्य असतो, आणि आपण त्याला वळसा घालून आठ वीसची लोकल पकडतो. तो कधीकाळी कोणत्या तरी गाडीने कामासाठीच इथे उतरलेला असू शकतो, हे मनात येत नाही. अशा माणसाला संरक्षणाखाली घेणे हे कायद्याने पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था अशा रस्त्यावरच्या रुग्णांवर उपचार करते आणि ते सावरले की त्यांना त्यांच्या घरी पोहोचवते, मग ते गाव कोणत्याही राज्यात असो. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातले औषध जितके महत्त्वाचे वाटते तितकेच ते गाडीत शेजारी बसून घरापर्यंत जाणे.

ठाण्यात मनाच्या आरोग्याविषयी कोणी बोलत नाही असे मुळीच नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इथे आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली तेव्हापासून या शहरातला मध्यमवर्ग नैराश्य, चिंता, व्यसन हे शब्द न लाजता उच्चारू लागला, आणि याचे मोल मी कमी लेखणार नाही. आमच्या मजल्यावरच्या बाईंची मुलगी न्यू जर्सीत असते. तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात, बाळंतपणानंतर, ती फार कोमेजली होती. फोनवर तीही ‘मजेत आहे’ असेच म्हणायची. आता ती दर आठवड्याला ठाण्यातल्या एका समुपदेशक बाईंशी व्हिडिओवर मराठीत बोलते आणि तिला त्याचा उपयोग होतो. तिचे दुःख मी लहान मानत नाही. परमुलुखातली पहिली थंडी काय करते ते तीच जाणे. पण तिच्यापर्यंत सात समुद्र ओलांडून पोहोचलेली तीच मराठी आमच्या गेटपर्यंत, तळमजल्यापर्यंत पोहोचायला एवढा वेळ का लावते, हे कोडे मला सुटत नाही. मुलीकडे पैसा आहे, खोलीचे दार बंद करता येते आणि तास तिचा आहे. मुलाकडे फोन आहे, त्यावर १४४१६ फिरवला तर पैसे पडत नाहीत, वीस भाषांची सोय आहे, दिवसरात्र कोणीतरी असते. फक्त बोलायला आडोसा नाही. खोलीत सगळे झोपलेले आणि गेटवर कॅमेरा.

सुरक्षा एजन्सीचा करार नूतनीकरणाला आला तेव्हा सभेत मी विषय काढला. प्रत्येक रक्षकाला महिन्यातून एकदा दवाखान्यासाठी अर्ध्या दिवसाची पगारी सवलत मिळावी, कारण विचारू नये, आणि हे करारात लिहावे. मुलाचे नाव मी घेतले नाही. खजिनदारांनी शेजारच्या सोसायट्यांमध्ये असे नाही हे लक्षात आणून दिले, कोणी म्हणाले की मग सगळेच दवाखान्यात जातील, आणि सचिवांनी, जे मुळात सज्जन गृहस्थ आहेत, ‘लेखी नको, एजन्सीला तोंडी सांगतो’ असा मार्ग काढला. तोंडी म्हणजे सुपरवायझरच्या मर्जीवर. तरी मी होकार दिला.

सोयाबीनच्या काढणीला तो गावी गेला तेव्हा महिनाभराच्या गोळ्या बरोबर होत्या. जिल्हा रुग्णालयातही हे उपचार मिळतात, हे डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे लिहून दिले होते, पण तिथे तो गेला नाही. ओळखीचे कोणी भेटेल म्हणून. परतल्यावर एजन्सीने त्याला रबाळ्याच्या एका गोदामावर टाकले आणि आमच्या गेटवर नवा मुलगा आला. आता तो रबाळ्याहून लोकलने येतो आणि मावशी त्याला ठाण्याला गाठतात. गोळ्या कमी झाल्या आहेत, झोप लागते, आईचा फोन तो उचलतो. साध्या कागदावर त्याने मावशींचे नाव लिहून दिले आहे. अडचण उरली आहे ती मावशींची. तारखेच्या दिवशी त्यांची चार घरांची सकाळ बुडते. मी पैसे कापत नाही, पण उरलेल्या तीन घरांत त्यांचा खाडा धरला जातो. तिघींशी मी बोलले. एक लगेच तयार झाल्या. दुसऱ्या बाई म्हणाल्या की घरात विचारून सांगते. तिसरीने तो मुलगा मावशींचा नेमका कोण लागतो ते विचारले आणि कोणी नाही हे कळल्यावर, मग त्या कशाला जातात, असे म्हणाली. पुढची तारीख मंगळवारची आहे. तिच्याशी पुन्हा बोलायचे आहे.